अलास्कातला रोट

बर्फाचा कडा कोसळताना आधी नुसता दिसतो. आवाज मागाहून येतो, पाण्यावरून घरंगळत, कोरड्या विहिरीत कुणी दगडी पाटा सोडावा तसा जड आणि खोल. अलास्काच्या खाडीत बोटीच्या कठड्याशी उभी राहून मी तो पहिल्यांदा ऐकला, तेव्हा डेकवरची सगळी माणसं मुकी झाली होती. एकच बाई मान वळवूनही न पाहता नातवाच्या तोंडात दशमीचा तुकडा कोंबत होती. या पृथ्वीवर कुणालाही न जुमानणाऱ्या शक्ती दोनच, हे मला त्या क्षणी पटलं: एक ती हिमनदी आणि दुसरी माझी मोठी माय. त्यातही हिमनदी दरवर्षी थोडी मागे सरते, असं बोटीवरचा माहितगार सांगत होता. मोठी माय कधी मागे सरल्याचं आमच्या कळसाडी गावात कुणाला आठवत नाही.

मोठी माय म्हणजे माझी थोरली काकू. तिचा मुलगा, आमचा दादा, अमेरिकेत असतो. सगळ्या घराला एकदा बर्फाचे डोंगर दाखवायचे या हट्टाने त्याने ही सफर ठरवली आणि ती नेमकी श्रावणात, कानबाई देवीच्या सणापाठोपाठ आली. आमच्याकडे कानबाईच्या रोटाचा, म्हणजे तिच्या प्रसादाचा, गहू घरातल्या माणसांच्या संख्येवर, सव्वाच्या मापाने घेतला जातो. तो रोट फक्त कुळातल्यांनी खायचा, पौर्णिमेपर्यंत संपवायचा, बाहेरच्याला त्यातला कणही द्यायचा नाही. अमेरिकेतल्या चार जणांचा गहू मोठी माय दरवर्षी मोजायची आणि त्यांच्या वाटणीचा रोट आम्ही कण्हत संपवायचो. म्हणजे घरातले बाकीचे संपवायचे. कारण लग्न होऊन गेलेली लेक कुळातून वजा होते. मी दोन वर्षांपूर्वी सासर कायमचं सोडून परत आले. पण वजा झालेला आकडा पुन्हा मिळवायचा असतो की नाही, हे कुणी बोललं नाही. मीही विचारलं नाही. ज्या ताटावर आपलं नाव आहे की नाही याची चर्चा व्हावी लागते, त्या ताटाकडे पाहायचंच नाही, एवढा ताठा माझ्यातही होता. तो कुठून आला, हे मोठ्या मायकडे पाहिल्यावर वेगळं सांगायला नको.

तर यंदा तिने उरलेल्या पिठाच्या, दूध-गुळात मळलेल्या दशम्या केल्या, स्टीलच्या डब्यात भरल्या आणि ज्याचा रोट त्यानेच खायचा असं जाहीर करून डबा विमानात मांडीवर घेतला. बोटीवर पहिल्याच दिवशी संकटकाळाची तालीम झाली. सामान खोलीत ठेवा, फक्त स्वतः या, अशी सूचना होती. मोठी माय केशरी जाकिटात आली ती पोटाशी डबा बांधून. दादा हात जोडून विनवू लागला तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “बोट बुडनी तं बुडो, रोट बुडाले नको.”

थंडी तर तिने मान्यच केली नाही. वहिनीने आणलेले हातमोजे तिने नातीच्या बाहुलीला घातले. सारंगखेड्याच्या घोड्यांच्या जत्रेत यापेक्षा जास्त थंडी असते आणि तिथे निदान पाहण्याजोगी जनावरं तरी असतात, असं तिचं मत होतं. तिचे वडील घोड्यांचे जाणकार. त्यामुळे कुठलंही जनावर ती गिऱ्हाइकाच्या नजरेनेच पाहते. देवमासा पाण्यातून उसळला, लोकांनी श्वास रोखले, आणि त्या निळ्या शांततेत तिचा निवाडा उमटला: “शेपूट बरं शे, पन चाल दखाडत नही.” शेजारच्या खोलीतल्या वृद्ध अमेरिकन बाईशी ती तासन्‌तास अहिराणीत गप्पा मारी, ती बाई इंग्रजीत उत्तरे देई आणि दोघींचे सांधे सारख्याच ठिकाणी दुखतात हे दोघींना नीट कळले होते. त्या बाईला तिने लिंबाच्या लोणच्याची अख्खी बरणी देऊन टाकली. पण गुळाच्या वासाने त्या बाईचा हात डब्याकडे वळला, तसा मोठ्या मायने डबा पदराखाली घेतला. मैत्री आपल्या जागी, कूळ आपल्या जागी.

रोज सकाळी, जहाजाच्या पन्नास पदार्थांआधी, ती सगळ्यांना रांगेत उभं करी. दादा, वहिनी, दोन मुलं, माझे धाकटे काका अप्पा. मी तेव्हा खिडकीपाशी जाऊन पाणी पाहत असे. विचित्र एवढंच, की सगळे निमूट खात असूनही डबा संपत नव्हता. पौर्णिमा आली. इथली तिथी वेगळी धरायची का, असं दादाने भीत भीत विचारलं. “चांद काय दोन शेतस का?” एवढंच ती म्हणाली.

त्या दुपारी ती डबा घेऊन डेकवरच आली. बर्फावरून येणाऱ्या वाऱ्याला भिजलेल्या दगडाचा वास होता आणि त्यात मधूनच गूळ-तुपाचा. सगळ्यांना शेवटचा तुकडा मिळाला, तरी तळाशी अख्ख्या दशम्या होत्याच. रोट उरू नये म्हणून अप्पांनी पुन्हा हात पुढे केला. तिने डबा मागे घेतला आणि कठड्यापाशी, माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

अप्पा आवाज खाली आणून आपल्या थोरल्या भावजयीला म्हणाले, “लगीन व्हयेल पोर शे ती, वहिनी. रोट तिले चालस नही.”

“डबा काबरं सरत नव्हता, आते समजनं का अप्पा? गहू मोजाना टाइमले मी तिले मोजेल शे.”

कानबाईचे नियम उभ्या जन्मात जिने तीळभर हलू दिले नाहीत, तिने कळसाडीच्या देवघरातच, कुणाला न विचारता, हा नियम मोडला होता. आता फक्त तो सर्वांदेखत मोडायचा बाकी होता. मला ती दया वाटली आणि माझा ताठा उफाळून आला. राहू दे मोठी माय, मी म्हटलं, माझ्यासाठी भांडू नको. तिने ऐकलं नाही. तिची उघडी बोटं गारठून निळसर झाली होती, त्यांत दशमीचा तुकडा धरलेला होता, आणि त्या दिवशी प्रथमच मला दिसलं की ती किती म्हातारी झाली आहे, आणि असं कुणासाठी उभं राहायला तिच्यापाशी फार श्रावण उरलेले नाहीत. मी मान फिरवली, तर तीही फिरून पुन्हा समोर आली. तुकडा माझ्या ओठांना टेकवून, जे काही म्हणायचं ते तिने अगदी हळू, एकाच शब्दात म्हटलं.

“खाय.”