मंदाकिनीबाईंची परात

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या मंदाकिनी वैरागडेबाईंच्या घरात त्या गुरुवारी सकाळपासून नुसती धांदल. माळ्यावरची पितळी परात खाली आली, चिंच लावून घासली गेली, आजेसासूबाईंच्या वेळचा तांब्या निघाला, कोरा टॉवेल निघाला, गुलाबपाण्याची बाटली निघाली. पंडरीच्या कापडबाजारातून आणलेली मोतिया रंगाची साडी तर आदल्या रात्रीच इस्त्री होऊन खुर्चीवर टांगलेली.

"आई, लग्न कोणाचं आहे?" सून सोनियानं विचारलं.

"लग्नापेक्षा मोठं आहे, पोट्टे! बारा जणांत माझं नाव आलं आहे. बारा जणांत!"

सोनिया आमसुलाचं तेल घेऊन आली. बाईंच्या टाचांना ही एवढाल्या भेगा. "बसा न, जरा चोळून देते."

बाईंनी पाय झटकन मागं घेतले. "सुनेकडून पाय चोळून घ्यायले मी काय खाटेवर पडली? दे ती वाटी इकडे." आणि स्वतःच वाकून, कण्हत, तेल लावू लागल्या. अशी ही बाई! दुसऱ्यासाठी मर मर मरेल, पण स्वतःसाठी कोणाला पाण्याचा पेला म्हणून उचलू द्यायची नाही.

आता हे बारा जण कोण, हे समजायला वर्षभर मागं जावं लागेल. बाईंनी छत्तीस वर्षं रेल्वेच्या ऑफिसात पासांच्या टेबलावर काढलेली. फटकळ तोंड, आणि एकदा बोललं की बोललं. रिटायर झाल्या त्याच साली मुलगा निरंजन स्कूटरवरून पडला आणि तीन दिवस बेशुद्ध राहिला. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला पाहायला एक सिस्टर, म्हणजे ख्रिस्ती नन, यायच्या, सुचिता कुजूर, जशपूरकडच्या. त्या तिन्ही दिवस बाईंच्या बाजूला बसून राहिल्या, न बोलता. तिसऱ्या दिवशी बाईंनी दवाखान्याच्या अंगणातल्या मरियमच्या मूर्तीपुढे पदर पसरला. "माझा पोरगा उठून बसू दे, वर्षभर तुझ्या लेकींच्या हाताखाली राबेन." त्याच संध्याकाळी निरंजन उठून बसला आणि म्हणाला, पोहे कर.

बाई नवस सांगायला गेल्या तर सिस्टरना हसू आलं. "माँजी, हमारे यहाँ मन्नत का लेन-देन नहीं होता."

"तुमच्याकडे नसेल, आमच्याकडे असतो," बाई म्हणाल्या, आणि ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेदहाला सिस्टर चालवत होत्या त्या वृद्धाश्रमाच्या फाटकाशी डबा घेऊन हजर.

सव्वीस म्हातारे-म्हाताऱ्या. बरेचसे जशपूरकडून कामाला आलेले उराँव आदिवासी ख्रिस्ती, रायपूरच्या इमारती बांधता बांधता म्हातारे झालेले. बाकी कोणी कुठले, कोणी कुठले. बाईंनी पहिल्या आठवड्यात स्वयंपाकघर ताब्यात घेतलं, दुसऱ्या आठवड्यात औषधांचं कपाट. भेटल्यावर "जय येसु" म्हणायला शिकल्या. नाताळात तिथल्या आज्यांनी तांदूळ-गुळाचा अरसा तळला, तेव्हा बाई किंचाळल्याच, "अगं बाई, हा तर आपल्या अनारश्याचा सख्खा भाऊ!" मग दोन घाणे त्यांनीच तळले. घरी आल्या की निरंजनला आणि सोनियाला जेवताना सगळं साग्रसंगीत ऐकावं लागे. बासष्टाव्या वर्षी बाईंना जणू नवी नोकरी लागली होती, आणि पहिल्या दिवसापासून साहेबही त्याच.

फक्त एक माणूस त्यांना बधला नाही. शालिग्रामभाऊ. गोंदियाकडचा, रेल्वेतलाच, गँगमन म्हणून जन्मभर रूळ सांभाळलेला. चाकाच्या खुर्चीत बसायचा. शुगरमुळे उजव्या पायाला जखम झालेली, आणि तो त्या जखमेला कोणाला हात लावू द्यायचा नाही. स्वतःच हळद थापायचा, चिंधी बांधायचा. सिस्टर हरल्या, कंपाउंडर हरला. त्या सोमवारी डॉक्टर येऊन स्पष्ट सांगून गेले की हा आठवडा पाहतो; रोज धुवून नीट पट्टी झाली तर ठीक, नाहीतर पाय घोट्यापासून कापावा लागेल.

बाईंचा जीव खालीवर झाला. त्यांचं वर्ष येत्या ईस्टरच्या रविवारी संपत होतं. पंचवीस जणांचं सगळं केलं आणि या एकाचा पाय आपल्या डोळ्यांदेखत जाणार?

"शालिग्रामभाऊ, काढा पाय बाहेर."

"नाही म्हटलं न, मॅडम. तुम्ही पास बनवणाऱ्या मॅडम, मी रुळावरचा माणूस. तुमच्या हातानं पाय धुवून घेऊ? सख्ख्या पोराले हात नाही लावू दिला मी. मेल्यावर धुवा, तवा काही म्हणणार नाही."

"हे काय बोलणं झालं? सेवा घ्यायले लाज कायची? देवानं वाटून ठेवलं आहे काय, की हा देणारा आणि हा घेणारा?"

शालिग्रामभाऊनं तोंड भिंतीकडे फिरवलं. बाईंनी दोन दिवस समजावलं, रागावल्या, बोलणं सोडलं, पुन्हा धरलं. पालथ्या घड्यावर पाणी.

आणि बुधवारी सिस्टरनी आनंदाची बातमी दिली. उद्या पुण्य गुरुवार. येशूनं मरणाच्या आदल्या दिवशी आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले होते, त्याची आठवण म्हणून प्रार्थनाघरात पाय धुण्याचा विधी असतो. "माँजी, बारह लोगों में आपका भी नाम है."

बस्स! बाईंना आकाश ठेंगणं झालं. आपल्याकडे पाय धुणं म्हणजे केवढा मान! लग्नात मुलीचे आईबाप जावयाचे पाय धुतात. बाईंना एकच मुलगा; जावई नाही, म्हणून हा मान कधी वाट्याला आला नव्हता. आता एकदम बारा जणांत नाव! कोणाचे पाय धुवायचे ते तिथं सांगतीलच. म्हणून ती परात, म्हणून ते गुलाबपाणी.

गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला सासू-सून रिक्षानं पोचल्या. प्रार्थनाघर गच्च भरलेलं. बारा खुर्च्या ओळीनं मांडलेल्या. बाईंनी पदर खोचला, परात ठेवली आणि खुर्च्यांसमोर जमिनीवर बसकण मारली.

सिस्टर धावत आल्या. "माँजी, आप ऊपर. कुर्सी पर."

असेल, आपली पाळी नंतर असेल, असं म्हणून बाई सातव्या खुर्चीवर बसल्या. गाणं सुरू झालं, मांदराचा ढोल घुमला. फादर लकडांनी वरचा झगा उतरवला, कमरेला टॉवेल बांधला, पहिल्या खुर्चीवरच्या म्हाताऱ्यासमोर गुडघे टेकले, त्याचे पाय धुतले, पुसले आणि त्यांवर ओठ टेकवले.

तेव्हा कुठे बाईंच्या डोक्यात उजेड पडला. इथं पाय धुतले जाणार होते ते त्यांचे.

दुसरी खुर्ची झाली. तिसरी. भेगाळलेल्या टाचा बाईंनी साडीखाली लपवल्या. सहावी झाली. फादर त्यांच्यासमोर वाकले आणि बाई ताडकन उभ्या राहिल्या.

"नाही फादर! तुम्ही देवाचं करणारे माणूस, तुम्ही माझ्या पायाले हात लावाल? पाप लागेल मले!"

गाणं थांबलं. फादर पाण्याचा जग हातात धरून हसले. "माँजी, पहली बार भी एक चेले ने यही कहा था."

"म्हटलं असेल. पण मी नाही बसत!"

तेवढ्यात मागून, चाकाच्या खुर्चीतून, खणखणीत आवाज आला.

"काहून वो मॅडम? सेवा घ्यायले लाज कायची? देवानं वाटून ठेवलं आहे काय, की हा देणारा आणि हा घेणारा?"

कोणीतरी फिसकन हसलं. बाईंनी गर्रकन वळून डोळे वटारले. त्यांचेच शब्द, कानामात्रेचा फरक नाही. शालिग्रामभाऊ मात्र हसत नव्हता. चिंधी बांधलेला पाय पुढं करून तो एकटक त्यांच्याकडे पाहत होता. आणि बाईंना कळलं. आपण आत्ता इथून निघून गेलो, तर तो पाय गेला. मग या माणसाला आपण कुठल्या तोंडानं सांगणार?

वर्षभर देत राहिलो, ते किती सोपं होतं! देणारा उभा असतो. घेणाऱ्याला बसावं लागतं, आपल्या भेगा लोकांसमोर उघड्या कराव्या लागतात. शालिग्रामभाऊला वर्षभर जे होत होतं ते बाईंना आत्ता, या घटकेला झालं, आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

त्या बसल्या. डोळे घट्ट मिटून एक पाय पुढं केला. टाचेवर गार पाणी पडलं, फादरांचा हात भेगांवरून फिरला, आणि मंदाकिनीबाईंनी भर प्रार्थनाघरात लहान मुलासारखं भोकाड पसरलं. मागं उभी सोनियाही रडत होती आणि हसतही होती.

प्रार्थना संपली. बाई डोळे पुसत परात उचलायला गेल्या, तर चाकाची खुर्ची समोर येऊन उभी.

"परात तशीच राहिली न तुमची?" शालिग्रामभाऊनं विचारलं.

"राहिली."

"मंग ठेवा इथं."

त्यानं वाकून चिंधीची गाठ स्वतः सोडली. सिस्टर पळत जाऊन औषध आणि उकळून कोमट केलेलं पाणी घेऊन आल्या, आणि हातमोजेही. बाई मोतिया साडीसकट जमिनीवर बसल्या. गुलाबपाण्याची बाटली त्यांनी बाजूला सारली.

"पण मॅडम," तो हळूच म्हणाला, "रविवारी तुमचं वर्ष संपून राहिलं न? मंग सोमवारी कोण धुवन?"

बाईंनी मान वर केली नाही. त्याची टाच अलगद तळहातावर घेतली.

"सोमवारी पावणेदहाले येते," त्या म्हणाल्या. "पाय हलवू नका."