पायाला लागणारा हात

कुलूपवाल्याचा स्वतःच्या सावलीवरही भरवसा नव्हता. लोकांची कुलपं दुरुस्त करता करता त्याला सगळं जग चोर दिसायला लागलं होतं. पन्नाशीत तो पोहणं, सायकल आणि धावणं अशा तिहेरी शर्यतीत उतरला, तेव्हा बायकोने बजावलं, "तळ्यात तरी कोणाशी भांडू नका."

गर्दीच्या लाथा नकोत म्हणून तो मुद्दाम सगळ्यांच्या मागे उभा राहिला. बाकीचे पुढे गेल्यावर निघाला. तरीही पायाला कोणाचा तरी हात लागला. थोड्या वेळाने पुन्हा लागला. हा आपल्याला खाली ओढणार, याची त्याला खात्रीच पटली. त्याने सणसणीत लाथ हाणली. हात काही मागे हटेना. काठ येईपर्यंत त्याने चार-पाच तरी हाणल्या असतील.

मागून एक बाई धापा टाकत बाहेर आली.

"दादा, उपकार झाले तुमचे. गॉगलमध्ये पाणी शिरलं, सगळ्यांच्या मागे पडले, काही दिसेना. तुम्ही पाय मारून मारून खूण देत होतात, म्हणून पोहोचले."

काठावर बायको टॉवेल घेऊन उभी होती. "भांडलात का कोणाशी?"

"प्रयत्न केला," कुलूपवाला म्हणाला.