बारावा मायक्रोमीटर

मी बत्तीस वर्षं लेथवर उभा राहिलो. शेजारच्या लेथवर जो होता त्याला सगळे मायक्रो म्हणायचे. कारण साधं. मायक्रोमीटर, म्हणजे जाडी मोजायचं हातातलं यंत्र, लावून पाहिल्याशिवाय तो कुणाचंही काम पुढे जाऊ द्यायचा नाही, सुपरवायझरचंसुद्धा. त्यापायी दोनदा बढती हुकली. त्याला त्याचं काही नाही. मला अजून राग येतो.

निवृत्तीनंतर तो जुने मायक्रोमीटर जमवायला लागला. भंगारातून उचलायचे, रॉकेलमध्ये भिजवायचे, एकेकावर महिना घालवायचा. असे अकरा झाले. बारावा परदेशात निघाला. एकशे दहा वर्षांचा. विकणाऱ्या बाईच्या सासऱ्यांचा होता म्हणे. मायक्रोच्या लेकीने फोनवरून मागवून दिला.

पार्सल कस्टम्समध्ये अडकलं. समक्ष या, असं पत्र आलं. आम्ही दोघं गेलो. पहिल्या दिवशी साहेब जागेवर नव्हते. दुसऱ्या दिवशी ओळखपत्राची झेरॉक्स हवी होती. पहिल्या दिवशी कुणी बोललं नव्हतं. तिसऱ्या दिवशी खिडकीतल्या माणसाने डबी पुढे सरकवली. झाकण बिजागरीतून उपटलेलं. समोर खटका होता. बोटाने दाबला असता तर उघडलं असतं. तेवढेही कष्ट नकोत.

"काका, जुनी वस्तू ना? शोभेची?" तो म्हणाला. "शंभर वर्षांपुढची असेल तर कर अगदी नावापुरता."

"हो," मी म्हणालो.

"शोभेचा कसा?" मायक्रो म्हणाला. "चालतो तो."

मी त्याच्या पायावर पाय दिला. उपयोग झाला नाही. त्याने रुमालाने ग्रीस पुसलं, मायक्रोमीटर शून्यावर आणून पाहिला आणि खिडकीतला एक फॉर्म त्यात धरला.

"चार थाऊ. इंचाचा हजारावा भाग, असे चार. आता हा दुसऱ्या गठ्ठ्यातला. तीन. साहेब, तुमचा कागदवाला तुम्हाला फसवतोय."

रांगेतले हसले. खिडकीतला हसला नाही.

"म्हणजे हे मोजमापाचं यंत्र झालं, चालू स्थितीतलं. यंत्राचा कर वेगळा. विकणाऱ्याने शोभेची वस्तू लिहिलंय, म्हणजे चुकीची माहिती. त्याचा दंड. वर एकोणीस दिवसांचं जागाभाडं."

बेरीज वस्तूच्या किमतीच्या दुप्पट झाली.

"तळहाताएवढ्या डबीला जागाभाडं?" मी विचारलं. "आणि तीन दिवस आम्ही खेटे घालतोय त्याचं काय?"

"नियम आहे."

पुढे मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. वॉचमन येऊन माझ्या शेजारी उभा राहिला.

मग खिडकीतल्यानेच आवाज खाली आणला. "काका, एवढं लिहून द्या. वस्तू निकामी आहे, नुसती ठेवायला घेतली आहे. खाली सही. मी जुन्या वस्तूंत घालतो. दंड नाही, काही नाही."

"कर सही," मी म्हणालो.

मायक्रोने कागद दोनदा वाचला. "निकामी?"

"अरे, कागदावर."

"चालू मालावर मी कधी रिजेक्ट लिहिलं नाही."

"हा कारखाना नाही."

"माल तर तोच आहे ना."

त्याने पेन ठेवलं आणि पैसे भरले. खालच्या कवळीसाठी बाजूला काढलेले सगळे. खिडकीतल्याने पावतीवर शिक्का मारला. तिरका, अर्धा कागदाबाहेर. तीन दिवसांत त्या माणसाने केलेलं काम ते एवढं.

त्याच्या घरी वहिनींनी पावती पाहिली.

"आणि दात?"

"पुढच्या वर्षी."

"बरं. मग वर्षभर नुसतं गिळा. आणि घास बसतो की नाही ते त्या यंत्राने मोजून बघा."

मी वहिनींच्या बाजूने आहे. तसं मी त्याला तोंडावर सांगितलं.

जागाभाडं परत मिळावं म्हणून मी अर्ज दिलाय. तिन्ही दिवस आम्ही हजर होतो. दारावरच्या वहीत माझ्या सह्या आहेत. चार महिने झाले, उत्तर नाही. सोमवारी पुन्हा जाणार आहे. मायक्रो म्हणाला, मीही येतो. मी म्हणालो, तू घरी बस, तुझं बोलून झालंय.