बेथलेहेमला मरियेची ओटी भरून आले

साळूआत्यांनी भर ओसरीत सांगितलं, "पोरीची ओटी तुझी थोरली जाऊ भरंल. तू मागं बसायचं."

पोरगी म्हणजे माझी सून प्रियांका, पहिलटकरीण. साळूआत्या म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी यवतला आल्या त्या इथंच राहिल्या आणि घरातला रीतिरिवाजाचा शेवटचा शब्द त्यांचा झाला. माझा नवरा चार वर्षांपूर्वी गेला. मी टिकली सोडली नाही, एवढंच लोकांना खुपत होतं. आता माझ्याच सुनेच्या ओटभरणीत, माझ्याच नातवंडाच्या वेळी मी मागं बसायचं. संतोष, माझा मुलगा, खाली मान घालून मोबाइल बघत होता. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी आख्खी हयात पोरांना ताठ बसायला शिकवलं, पण घरचं हे एक पोर वाकलेलंच राहिलं.

त्याच आठवड्यात एस्तेरबाईंचा फोन आला. त्या माझ्या जुन्या मैत्रीण, दौंडला परिचारिका होत्या. त्यांच्या चर्चच्या मंडळींची जेरुसलेम-बेथलेहेमची, म्हणजे पवित्र भूमीची यात्रा निघत होती आणि एक जागा रिकामी झाली होती. "बाई, येता का? तुम्ही हिंदू आहात म्हणून कुणी अडवणार नाही," त्या म्हणाल्या. मी तिथल्या तिथं हो म्हणाले. ओटभरण सातव्या महिन्यात, म्हणजे आम्ही परतल्यावर होती. घरात सांगितलं तेव्हा साळूआत्या म्हणाल्या, "तिकडं काय हाय आपलं?" मी म्हणाले, "इकडं तरी काय ठेवलंय तुम्ही माझं?"

आणि पिशवीत मूठभर तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि खणाचा कपडा भरला. घरची ओटी भरू देत नाहीत ना, मग मी येशूच्या आईची भरणार. नारळ विमानात चालत नाही असं प्रवास कंपनीनं बजावलं होतं, म्हणून तो तेवढा राहिला.

जाणाऱ्यांसाठी कामाचं आधी सांगते. यवतहून एसटीनं पुणं, तिथून गटाच्या बसनं मुंबई विमानतळ आणि विमानानं जॉर्डनची राजधानी अम्मान. पेन्शनीतून साठवलेलं बरंच काही संपलं, त्याबद्दल एका पैशाचंही दुःख नाही. सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी असू द्या. तिकडचे फलाफल म्हणजे हरभऱ्याचे वडेच, पण तीन दिवसांनी जीभ चटणी मागते. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घ्या, नाहीतर चर्चच्या दारातून परत फिरवतात. बुटांवर मात्र कंजुषी करू नका, तिथली वाट सगळी दगडाची आहे.

जॉर्डनमधून पुलावरून पलीकडं जायला अर्धा दिवस मोडला. इस्रायलच्या बाजूला गणवेशातल्या एका तरुण मुलीनं माझी पिशवी उघडली. तांदूळ बोटांनी चाचपले, हळकुंड नाकाशी धरलं. इंग्रजीत विचारलं, हे काय. एस्तेरबाई म्हणाल्या, "बाळासाठी आहे."

"कुणाच्या बाळासाठी?"

"मरियेच्या," एस्तेरबाई गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या.

त्या मुलीनं आम्हा दोघींकडं आळीपाळीनं पाहिलं, पिशवीची चेन लावली आणि पुढच्या माणसाला बोलावलं. आम्ही बसमध्ये बसेपर्यंत हसलो नाही.

यार्देन म्हणजे जॉर्डन नदी पाहून मात्र मी चकित झाले. माझं माहेर वडगाव रासाई, भीमेच्या काठावरचं. आमच्या नदीपुढं ही म्हणजे गढूळ ओढाच. पण त्या ओढ्यात लोक पांढरे झगे घालून उतरत होते आणि डोळे पुसत वर येत होते. पाण्याच्या मध्यावर दोन देशांची हद्द, दोन्ही काठांवर बंदुकीवाले. जवळच्या यरीहो गावाच्या बाजारात मी खजूर आणि एक मोठं डाळिंब घेतलं. नारळाची जागा भरून निघाली.

दुसऱ्या दिवशी जेरुसलेम. आमच्या गटाचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, बसमध्ये माइक घेऊन इतिहास सांगत होते. मला त्यातलं निम्मं पाठ्यपुस्तकातून माहीत होतं, पण दगड समोर असले की वेगळंच ऐकू येतं. दाविद राजानं हे शहर घेतलं, शलमोनानं मंदिर बांधलं. बाबिलोनच्या राजानं ते पाडून लोकांना हाकलून नेलं. ते परतले, त्यांनी पुन्हा बांधलं. रोमनांनी ते जाळलं आणि पुढं ज्यूंना शहरात पाऊल टाकायलाच बंदी केली. मग रोमचेच राजे ख्रिस्ती झाले, येशूच्या थडग्यावर चर्च उभं राहिलं. मग अरब आले, त्यांनी ज्यूंना पुन्हा राहू दिलं. मग युरोपातले क्रुसेडवाले आले, त्यांनी ज्यू आणि मुसलमान दोघांनाही कापलं, उरलेल्यांना बाहेर काढलं. सलाहुद्दीननं शहर परत घेतलं. तुर्क, इंग्रज, मग शहराचे दोन तुकडे, मग लढाई आणि सगळं शहर इस्रायलकडं. ज्याच्या हातात किल्ली, तो दुसऱ्याला दाराबाहेर उभं करणार.

"आणि बंदी असताना ज्यू काय करायचे?" मी विचारलं.

"वर्षातून एक दिवस परवानगी होती," पाळकसाहेब म्हणाले. "मंदिर पडलं त्या दिवसाची. तेव्हा येऊन रडायचे. म्हणे पहारेकऱ्यांना पैसे द्यावे लागायचे."

मला भयंकर राग आला. रडायची परवानगी! मागं बसून सुनेचं कौतुक बघायची परवानगी मलाही मिळालीच होती की.

त्या मंदिराची उरलेली पश्चिमेची भिंत आहे, तिच्यापाशी बायकांचा भाग वेगळा आणि पुरुषांच्या भागापेक्षा लहान. दाटीवाटीनं उभ्या होत्या बिचाऱ्या. माझ्यासारख्या वयाची एक बाई दगडाला कपाळ टेकून उभी होती. ती हलेना, मागच्या बाया खोळंबल्या तरी हलेना. मला ती फार आवडली. मी पण दगडावर हात ठेवला. काही मागितलं नाही. दगड उन्हानं तापला होता आणि जिथं हजारो तळवे पडले होते तिथं अगदी गुळगुळीत होता.

रात्रीच्या जेवणाआधी संतोषचा फोन आला. "आई, आल्यावर वाद घालू नको हं. आत्याबाईंचं वय झालंय."

"प्रियांकाला विचारलंस, तिला ओटी कुणी भरलेली हवी?"

"तिला कशाला विचारायचं त्यात?"

मी फोन ठेवला. असा मुलगा मीच वाढवला म्हणून चरफडत दोन वाट्या डाळीचं सूप प्यायले.

बेथलेहेम जेरुसलेमपासून यवतहून कासुर्डीला जावं इतकंच लांब. मध्ये उंच काँक्रीटची भिंत आणि तपासणी नाका. तिथला आमचा वाटाड्या ईसा, अरबी बोलणारा ख्रिस्ती तरुण. म्हणाला, "माझ्या गच्चीवरून जेरुसलेम दिसतं. जायचं तर इस्रायलचा परवाना लागतो. आईला मिळाला, मला नाही." एवढं बोलून तो पुढच्या चर्चची उंची सांगायला लागला.

येशू जन्मला त्या चर्चचं दार इतकं बुटकं की सगळ्यांना वाकावंच लागतं. खाली गुहेत चांदीची चांदणी आहे, तिथं रांग आणि ढकलाढकली. पाहिली, नमस्कार केला. पण माझं काम जवळच्याच एका छोट्या देवळात, म्हणजे चॅपेलमध्ये होतं. पांढऱ्या मऊ दगडाची गुहा. मरियेनं तिथं बाळाला पाजलं, दूध सांडलं आणि दगड पांढरा झाला अशी श्रद्धा. मूल हवं असणाऱ्या बाया येतात, ख्रिस्ती येतात तशा मुसलमानही येतात.

मी खण पसरला. तांदूळ, हळकुंड, सुपारी, खजूर, वर डाळिंब. एस्तेरबाई कुजबुजल्या, "बाई, आमच्यात ओटी नसते हो."

"मग तिला बाळ नव्हतं झालं काय?"

त्यांना हसू आवरेना. कोपऱ्यात मेणबत्त्या सांभाळणारी एक म्हातारी बसली होती. ती उठली तेव्हा वाटलं, आता हाकलणार. तिनं ईसाला काहीतरी विचारलं. ईसानं आम्हाला विचारलं, आम्ही त्याला सांगितलं, त्यानं तिला सांगितलं. म्हातारीनं दोन मेणबत्त्या बाजूला सरकवल्या आणि मरियेच्या तसबिरीखाली जागा करून दिली. मी ओटी ठेवली. माझा नवरा जिवंत आहे का, हे तिथं कुणी विचारलं नाही. मी मोठ्यानं रडले आणि त्यासाठी कुणाची परवानगी घेतली नाही.

परतल्यावर सगळे विचारतात, काय आणलं? एस्तेरबाईंनी नदीचं पाणी आणलं. मी काही आणलं नाही. तिकडची माणसं हजार वेळा दाराबाहेर काढली गेली आणि दारात येऊन उभी राहिली, एवढं बघून आले. त्यांची भांडणं मला सोडवता येणार नाहीत. माझ्या घराचं दार मात्र माझ्या हाताच्या अंतरावर होतं.

ओटभरणीला अंगणात मांडव घातला होता. प्रियांका हिरव्या साडीत, अंगभर आमच्याच रानातल्या शेवंतीचे दागिने. थोरल्या जाऊबाईंनी सूप उचललं. मी मागून उठले आणि पुढं गेले.

"बस खाली," साळूआत्या म्हणाल्या.

"न्हाई बसत."

"काय वंगाळ झालं म्हंजी?"

"झालं तर माझ्या नातवंडाला व्हईल, आत्याबाई. त्याची काळजी तुमच्यापेक्षा मला जास्त हाय."

जाऊबाई सूप धरून तशाच उभ्या. तेव्हा प्रियांका पाटावरच वळली आणि तिनं पदर माझ्यासमोर पसरला. "आई, भरा. अवघडलेय मी," ती म्हणाली. संतोष मांडवाच्या खांबाला टेकून बघत होता, पण या वेळी त्याची मान वर होती. मी सुनेला हळदीकुंकू लावलं आणि पाच वेळा ओंजळीनं तिची ओटी भरली. आभाळ कोसळलं नाही.

साळूआत्या उठून चुलीकडं निघाल्या. मी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "आता तुम्ही."

"सोड. मला न्हाई येत."

"येत न्हाई कसं? एवढ्या ओट्या झाल्या या घरात."

"तवा मी चुलीपाशी असायची," त्या म्हणाल्या. "हाक मारली की सैपाक घेऊन यायची. मी कवा बघितलीच न्हाई."

जाऊबाईंनीच पाट सरकवला आणि आत्याबाईंना सुनेसमोर बसवलं. "आधी कुंकू लावा," त्या म्हणाल्या आणि करंडा उघडून पुढं धरला. साळूआत्यांनी बोट करंड्यापर्यंत नेलं आणि तिथंच थांबवलं. मग माझ्याकडं मान वर करून त्यांनी विचारलं,

"किती घ्यायचं असतं गं?"