लाल स्टिकर

आमच्या ग्रुपमध्ये बेस गिटार वाजवणारा चाकणच्या एका कंपनीत सुटे भाग तपासतो. नापास भागावर लाल स्टिकर लावायचं, हे त्याचं काम, आणि रविवारीही त्याचा हात थांबत नाही. चिंचवडला मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत आम्ही चौघं वाजवायला जमतो, तेव्हा तो अधूनमधून दुकानातून नवी बेस गिटार 'बघायला' म्हणून आणतो. दोन गाणी झाली की मान हलवतो. "नाही राव, ही मागे पडतेय." लागलं लाल स्टिकर. दुकानदार ते खरवडून काढतो आणि पुढची गिटार देतो. त्या माणसाच्या सहनशक्तीला माझा नमस्कार.

मी ड्रम वाजवतो. गिटार मागे पडत नाही, वाजवणारा पडतो, असं मी चहाच्या वेळी बाकीच्या दोघांना सांगायचो.

गेल्या रविवारी त्याने तीन गिटारी आणल्या, तिन्हींवर आमच्यासोबत एकच गाणं वाजवलं आणि मोबाइलवर रेकॉर्ड केलं. मग चष्मा लावून ऐकत बसला. तिन्ही वेळा गाणं एकाच जागी लंगडलं. तो उठला, खिशातून स्टिकर काढलं आणि माझ्या ड्रमवर बोटाने दाबून नीट चिकटवलं.

"गिटारी ओके आहेत, भावा."

कोणी हसलं नाही. उलट बाकीच्या दोघांनी माना डोलावल्या.

माझा ताल तर चोखच आहे, म्हणजे दोष ड्रमचाच असणार. शनिवारी त्याच दुकानात नवे बघायला चाललोय. त्यालाही सोबत बोलावलंय. पारख चांगली आहे त्याची.