जवळचं आधी

निवृत्त झाल्यावर कोथरूडच्या मैनुद्दीनभाईंना घरात बसवेना. सोसायट्यांच्या मंडळाने शहरातल्या सेवांची ऑनलाइन डिरेक्टरी काढली, तेव्हा प्रत्येक दवाखान्यात, पाळणाघरात स्कूटरवर जाऊन खात्री करायचं काम त्यांनी ओढूनच घेतलं. आपली गरज आणि पत्ता टाकला की घराजवळची सेवा सगळ्यात वर, लांबची तळाला, हा नियमही त्यांचाच. काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला, असं त्यांचं म्हणणं. एकदा कुणीतरी नाव न सांगता फोनवर विचारलं, "लांबची ठिकाणं आधी दाखवता येत नाहीत का?" भाई म्हणाले, "हिंडायची हौस असेल तर टेकडी चढून या," आणि फोन ठेवला.

मग घरातच पेच पडला. हिंजवडीला जाणारी कंपनीची बस रोज निघून जाई आणि थोरला मुलगा उजैर बूट घालून सोफ्यावर तसाच बसलेला असे. झोप नाही, धड जेवण नाही, विचारलं तर उत्तर नाही. भाईंचं चित्त थाऱ्यावर राहीना. हॉल ते गॅलरी, गॅलरी ते हॉल, नुसत्या येरझारा.

"फरशी झिजेल," त्यांची बायको बिलकिस म्हणाली. "साऱ्या गावाला पत्ते सांगता, पोराला एक सांगा की."

भाईंनी उजैरला शेजारी बसवून 'मनाचे डॉक्टर' शोधले. पहिलंच नाव दोन इमारती सोडून. डॉक्टर उत्तम, भाई त्यांच्याकडे चहासुद्धा प्यायले होते.

"तिथे नको, अब्बा. जिन्यात सगळे ओळखीचे."

भाईंना राग आला, पण त्याहून जास्त भीती वाटली. हा आज नाही म्हणाला तर पुन्हा विचारू देणार नाही. ते मुकाट्याने नावं खाली सरकवू लागले. कर्वे रोड, डेक्कन, पेठा. उजैर प्रत्येक नावाला मान हलवून नाही म्हणत होता. बोट दुखायला लागलं तेव्हा, पार तळाला, मार्केट यार्डाजवळचा एक दवाखाना आला.

"इथे चालेल," उजैर म्हणाला.

उजैरचा विचार बदलेल म्हणून भाईंनी त्याच दुपारी रिक्षा केली. यार्डाच्या तोंडाशी कांद्याच्या ट्रकमागे रिक्षा अडकली आणि उजैर दोनदा म्हणाला, "परत जाऊ या." भाईंनी त्याचा हात धरला तो दवाखान्याच्या पायरीपर्यंत सोडला नाही.

आत बाकावर एकच माणूस होता. त्यांच्याच सोसायटीचे अध्यक्ष तात्याराव, रोज जिन्यात कुणाला ना कुणाला फैलावर घेणारे. भाई दारातच थबकले.

"या," तात्याराव म्हणाले. "जवळपास कुणी मिळालं नाही वाटतं?"

तात्यारावांनी चष्मा काढून पुसला.

"टेकडी चढून पाहिली मी, भाई. तुम्ही सांगितली होती ना फोनवर. गुण नाही आला."

भाईंची मान खाली गेली. उजैर मात्र तात्यारावांशेजारी जाऊन बसला, मग थोडा सरकला आणि म्हणाला, "बसा ना, अब्बा. जागा आहे."