दादीचा खुटको

दादी पापड चाखून पारखायची नाही, खिडकीकडे धरून पारखायची. सगळीकडून सारखा उजेड आला तर पापड खाटेवर वाळायला जायचा. कुठे काळपट डाग दिसला, म्हणजे तिथे तो जाड राहिला असला, तर ती पापड खाली ठेवायची आणि आम्हा चौघींच्या तोंडाकडे बघायची. "किसका है? घर में क्या हुआ?"

उल्हासनगरच्या कॅम्पात एका जुन्या बरॅकीत तिचं घर होतं. पुढच्या खोलीत आम्ही पापड लाटायचो. दादी सिंधी, वयाने सत्तरीची. मोठ्या बाईला मान देऊन तिच्या लोकांत दादी म्हणतात, म्हणून सगळी गल्ली तिला दादीच म्हणायची. मी विठ्ठलवाडीहून चालत जायची. अशी मी बारा वर्षं जात राहिले. बसायची जागा ठरलेली, दादीच्या डाव्या हाताला.

तिचं म्हणणं असं, की पीठ सगळ्यांना एकच, पोळपाट एकसारखे, मग एकीचाच पापड आज जाड का? "हाथ झूठ नहीं बोलता," ती म्हणायची. "मन को पहले पता चलता है. मन हाथ को बताता है. मुँह को सबसे लास्ट में." मग जिचा पापड बिघडला तिने मनात काय येतंय ते सांगायचं, आणि तेही स्वतःच्या भाषेत. हिंदी चालायची नाही. "हिंदी में सब बोलते हैं, टेन्शन है. तेरी माँ क्या बोलती थी, वो बोल."

गोरखपूरची भाभी म्हणायची, "करेजा धकधक करत बा, दादी." लक्ष्मी तेलुगू. ती मान खाली घालून म्हणायची, "मनसु कीडु शंकिस्तोंदी," आणि मग सांगायची, मन काहीतरी वाईट घडणार असा संशय घेतंय. चामटोलीहून येणारी शेवंता लाटणं आपटून म्हणायची, "जिवाला घोर लागलाय, दुसरं काय." दादी सगळं ऐकून घ्यायची. एकदा म्हणाली, "डर एक ही है. इसके कलेजे में बैठता है, उसके मन में, शेवंता के जीव में. किराये का घर अलग अलग." तिच्या स्वतःच्या भाषेत ती म्हणायची, "दिल में खुटको आहे." ते 'आहे' ऐकून शेवंता हसायची. दादी, तुम्ही अर्ध्या मराठीच, म्हणायची.

खुटको म्हणजे काय, हे तिने आम्हाला चपलेत शिरलेला खडा दाखवून सांगितलं होतं. तो काढून टाकायचा, नाहीतर लंगडत चालायचं. म्हणून बोलून झालं की ती आपला मोबाइल त्या बाईच्या हातात द्यायची. "लगा घर पे." बहुतेक वेळा काही नसायचंच. एकदा लक्ष्मीचा जीव अर्धमेला झाला होता आणि तिचा मुलगा शाळेबाहेर कुल्फी खात उभा होता. आम्ही तिला चिडवलं. दादीला मात्र अंदाज चुकल्याची लाज वाटली नाही. "गलत निकला तो पेढ़ा खिला," एवढंच म्हणाली. एकदाच खरं झालं. भाभीचे वडील पाय घसरून विहिरीपाशी पडले होते. दादीने तिला तिथूनच स्टेशनवर पाठवलं. तिचं उरलेलं पीठ आम्ही वाटून घेतलं.

मी कधी काही सांगितलं नाही. माझेही पापड जाड यायचे. नवऱ्याची कंपनी बंद पडली तेव्हा आठवडाभर आले. दादी विचारायची आणि मी म्हणायची, पीठ कडक आहे. आमच्या घरी शिकवणच तशी होती. वाईट तोंडातून काढायचं नाही, वास्तू तथास्तु म्हणते. आईने या गोष्टीवरून एकदा माझ्या तोंडावर मारलंही होतं. शिवाय चार बायकांत बोलायचं म्हटलं की मी मान खाली घालून लाटत राहायची. दादीने माझं नाव गुमसुम ठेवलं. शेवंता म्हणायची, "तिला विचारू नका. तोंडाला कुलूप आहे, चावी सासूकडं राहिली."

मग एका हिवाळ्यात दादीचाच पापड जाड आला.

मी शेजारी असल्यामुळे मला आधी दिसला. एका कडेला जाड, मधे लाटण्याचा वळ. तिने तो खिडकीकडे धरला नाही, तसाच ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी तीन आले. लाटताना ती मधेच थांबायची आणि डावा हात पोटावर ठेवायची. मला वाटलं, या तिघी आता बघतील, हसतील, दादीलाच विचारतील. मला तिचा अपमान नको होता. ती पाणी प्यायला उठली की मी तिचे जाड पापड उचलून माझ्या पापडांत ठेवायची आणि माझे चांगले तिच्या बाजूला सरकवायची. दोन महिने मी हे केलं. सगळ्या मला म्हणायच्या, गुमसुमचा हात बिघडला. मी ऐकून घ्यायची. आपण काहीतरी चांगलं करतोय असं वाटायचं, पण घरी गेल्यावर चैन पडायचं नाही. भांडी घासताना हात थांबायचा. नवरा विचारायचा, काय झालं? मी म्हणायची, काही नाही.

होळीच्या आधी ती मोरीत पडली. मुलांनी दवाखान्यात नेलं. पोटातलं दुखणं खूप पुढे गेलं होतं. दोन महिने आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाल्याचं तिच्या सुनेने आम्हाला दारातच सांगितलं.

मी चार दिवस गेले नाही. पाचव्या दिवशी दुपारी गेले. दादीला घरी परत आणलं होतं, खाटेवर एकटीच पडली होती. मी खाटेजवळ खाली बसले आणि म्हणाले, "दादी, तुमचे पापड मी लपवत होते."

"पता है."

"मग बोलला का नाहीत?"

ती पंख्याकडे बघत म्हणाली, "तूने छुपाया तो मुझे आराम हो गया. सोचा, किसी को दिखा नहीं, मतलब है ही नहीं." मग माझ्याकडे मान वळवली आणि पोटच्या लेकराला म्हणावं तसं म्हणाली, "तू पूछती तो मैं बता देती, पुट."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

थोड्या वेळाने तिने पाणी मागितलं. चमच्याने पाजताना म्हणाली, "अब तो बोल दे. तेरे में क्या बोलते हैं?"

मी म्हणाले, "मनात पाल चुकचुकते."

"पाल?"

"छिपकली."

ती हसायला लागली. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "बारह साल," ती म्हणाली, "छिपकली लेके मेरे बाजू में बैठी थी." सून आतून धावत आली, तर आम्ही दोघी हसत होतो आणि मी रडतही होते.

अठरा दिवसांनी दादी गेली. ती खोली आता भाड्याने दिली आहे. शेवंता कधी बाजारात भेटते, तेव्हा आम्ही दुसरंच काही बोलतो.

मी आता बदलापूरला मुलाकडे असते. मी विचारलं असतं तर दादी वाचली असती का, हे मला कोणी सांगू शकत नाही. सांगितलं तरी माझा जीव शांत होईल असं वाटत नाही.

आज सकाळी सून कामावर निघाली होती. तिची कंपनी अंबरनाथला आहे, बस नाक्यावर येते. चप्पल घातली, पर्स घेतली आणि दाराची कडी धरून तशीच उभी राहिली. मी म्हटलं, "काय गं?"

"काही नाही, आई."

हे मला चांगलं ओळखीचं आहे. पूर्वीची मी असते तर डबा विसरू नको म्हणाले असते आणि आत गेले असते. मी तिच्या हातातून पर्स घेतली आणि म्हटलं, "बस गेली तर जाऊ दे. खाली बस."

ती बसली. मीही तिच्यासमोर जमिनीवर बसले. बाहेर बसचा हॉर्न दोनदा वाजला. ती उठली नाही. ती बोलेपर्यंत मला आज कुठेच जायचं नव्हतं.